कप तुले, बशी मले

सर,

तुमच्या अंत्ययात्रेत माईकवर जो कार्यकर्ता होता, त्याने तुम्हाला ठेवणीतली सगळी विशेषणं लावली. लोकनेते झालं, विकासपुरुष झालं, गोरगरिबांचे कैवारी झालं, माजी राज्यमंत्री तर दर दोन मिनिटांनी. मी चौकातल्या कडुलिंबाखाली उभी राहून ऐकत होते. तुम्ही मुळात हिशेब तपासणारे सीए होता, हे त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. तुम्ही ऐकत असता तर त्याच्या हातातून माईक घेऊन म्हणाला असता, 'अबे, यातलं एक तं खरं सांग.'

मी सरणाजवळ आले नाही. पुढे तुमच्या पक्षाचे आणि संस्थेचे लोक होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं. मलाही त्यांचं बघायचं नव्हतं, पण तो दिवस भांडणाचा नव्हता. दुरूनच हात जोडले आणि ऑफिसात येऊन बसले. आपल्याच ऑफिसात. पाटीवर तुमचं नाव अजून वर आहे आणि माझं त्याच्याखाली.

मला तुमच्याशी भांडायचं आहे, सर. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही होता तेव्हा मी भांडले नाही, चूक तिथेच झाली. सहा वर्षं एक प्रश्न विचारायचा राहून गेला. तुमच्या संस्थेच्या ऑडिटमध्ये मी तो शेरा मारला, त्यानंतर तुम्ही माझ्याकडचा चहा का सोडलात? माझ्याकडे येणं सोडलं नाहीत, बोलणं सोडलं नाहीत, फक्त चहा. दुसऱ्या कुणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसली ही बाई. पण आपलं सगळं चहापासूनच सुरू झालं होतं.

माझा पहिला दिवस आठवतो तुम्हाला? मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. बाबा सेवाग्रामच्या दवाखान्यात वॉर्डात कामाला होते, तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांना तुमचं नाव सांगितलं. बोरगाव मेघ्याहून सायकल मारत आले. स्टेशनच्या रस्त्याला कापडाच्या दुकानावर तुमचं ऑफिस, आणि त्याला तो उभा जिना. तुम्ही म्हणायचे, या जिन्यावर पक्षकाराचा अर्धा रुबाब उतरून जाते, म्हणून बदलत नाई. माझा तर आधीच नव्हता. तुम्ही मार्कशीट उलटी करून बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, 'चहा घेते का?'

'नको सर.'

'काऊन?'

'नको.'

तुम्ही खुर्चीत मागे रेललात आणि इतके खूश झालात की मला काही कळेचना. म्हणालात, 'पास. ऑडिटच्या कामाले असंच माणूस पायजे. ज्याचे कागद पाहाचे, त्याचा चहा नाई घ्याचा. कोणी शिकोलं वं तुले हे?'

कोणीच शिकवलं नव्हतं, सर. आज सांगते. घरून निघताना आईने बजावलं होतं, 'कोणाकडे चहा घेऊ नको. त्याईनं वेगळा कप काढला तं दिवसभर तुले काही सुचणार नाई.' आई लग्नाआधी तुमच्या केळझरकडेच लोकांच्या वावरांत निंदायला जायची. तिथे तिचा कान तुटलेला कप गोठ्याच्या भिंतीत खोचून ठेवलेला असायचा. हे ती बोलायची नाही, पण कुठेही कपबशी वाजली की तिची नजर आधी कपाकडे जायची. मी म्हणायचे, आई, आता कोणी तसं करत नाही. आणि तरी त्या दिवशी तोंडातून 'नको'च निघालं. भीतीने निघालेल्या शब्दाचं तुम्ही तत्त्व करून टाकलंत. मला काम हवं होतं, म्हणून मी तुमचा गैरसमज तसाच राहू दिला. पुढे कधीतरी सांगू म्हटलं, आणि तीस वर्षं निघून गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी खालच्या हॉटेलातून चहा आला. एकच कप आला, कारण हॉटेलवाल्याच्या हिशेबात मी धरलेली नव्हते. तुम्ही अर्धा चहा बशीत ओतलात, कप माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, 'कप तुले, बशी मले. मी काही तुया पक्षकार नाई, घे.' आणि फुर्र करून भुरका मारलात.

घरी जाऊन मी आईला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवून विचारलं, 'एकाच कपातला?' 'हो, एकाच.' तिने पुन्हा पोळी लाटायला घेतली आणि दोन पोळ्या झाल्यावर म्हणाली, 'माणूस बरा दिसते.' एवढं प्रमाणपत्र तिने बाबांनाही कधी दिलं नव्हतं.

पुढे ऑफिसात दुसरा कप आला, मग सहा कपांचा सेट आला, पण आपली वाटणी तीच राहिली. सीएची परीक्षा दोनदा नापास झाले तेव्हाही तुम्ही काही समजावलं नाहीत, फक्त चहा अर्धा केलात. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा तुम्ही बशीही माझ्याकडे सरकवलीत आणि स्वतःसाठी दुसरा मागवलात. ती तुमची पार्टी.

तुमच्या नियमाचा मला किती ताप झाला, याचा मात्र तुम्हाला पत्ता नसायचा. केळझरकडच्या त्या पतसंस्थेत आपण चार दिवस जात होतो. मॅनेजर भला माणूस, रोज दोनदा चहा आणायचा, आणि तुम्ही रोज दोनदा नाही म्हणायचे. चहावर साय धरायची आणि शिपाई तो बाहेर नेऊन पिऊन टाकायचा. तिसऱ्या दिवशी मॅनेजर पेटला. 'साहेब, आमच्याकडचा चहा बाटते काय तुमाले?' त्याने हे तुम्हाला विचारलं आणि बघितलं माझ्याकडे. मी रजिस्टरात तोंड खुपसलं. तुम्ही चष्मा काढलात. 'असं नाई बाप्पा. चहा पेलो का मले तुयी दया येते, अन् दया आली का मी शेरा मऊ लिहितो. सही होऊ दे, मंग दोन कप मागून पेतो.' आणि खरंच चौथ्या दिवशी सही करून तुम्ही तीन कप प्यायलात. शिपायाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसा काही मीच त्याचा खुराक तोडला.

सगळं गोड होतं असं मी लिहिणार नाही. तुम्हीच म्हणायचे, नुसता चांगला रिपोर्ट असला का समजावं कोणीतरी चहा पेला. एकदा तुम्ही सहज म्हणून गेलात, 'तुम्ही लोक हिशेबाले पक्के असता.' मी पेन खाली ठेवलं. 'कोण लोक, सर?' तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पंख्याकडे बघितलंत आणि म्हणालात, 'बी.कॉम.वाले.' मी दोन दिवस तुमच्याशी कामापलीकडे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, 'अजून किती दिवस आहे शिक्षा?' मी म्हटलं, 'आज संपते.' तुम्ही माफी मागितली नाहीत, पण तो शब्द पुन्हा कधी ऐकला नाही. तुम्हाला बोललं की कळायचं. मग त्या सहा वर्षांत मी का बोलले नाही, हे मलाच विचारायला हवं.

तुम्ही राजकारणात गेलात तो दिवस मला आजही आवडत नाही. एका पतसंस्थेचं दिवाळं निघालं होतं. तुम्ही लागोपाठ तीन वर्षं तिच्या अहवालात धोक्याचे शेरे लिहिले होते, आणि ठेवीदार जिन्यापासून रस्त्यापर्यंत उभे राहून तुम्हालाच विचारत होते, आमचे पैसे कुठे गेले. निवृत्त मास्तर होते, दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. एक म्हातारी पासबुक छातीशी धरून जिन्यावरच बसली होती. ते सगळे गेल्यावर तुम्ही म्हणालात, 'तीन वर्षं लिहून राह्यलो, वंदना. कोणी वाचलं? आता शेरा वाचणारा जिथं बसते, तिथंच जाऊन बसतो.'

मी म्हटलं, 'सर, तिथे चहाला नाही म्हणता येत नाही.'

'तं घेईन. आजपर्यंत नाई म्हणून म्हणून कोणाचं भलं झालं?'

या प्रश्नाचं उत्तर मला नंतर जेव्हा जेव्हा सापडलं, तेव्हा तुमच्या गाडीभोवती पंधरा माणसं असायची.

पहिल्या प्रचारात मी तुमच्याबरोबर बोरगावला आमच्या वस्तीत आले होते. तुम्ही एकही घर सोडलं नाहीत. आमच्या घरी आलात तेव्हा आईने नवा कप काढला आणि भीत भीत विचारलं, 'साखर जास्त झाली काय, साहेब?' तुम्ही म्हणालात, 'माय, हा चौदावा कप आहे. आता मले साखर समजत नाई, फक्त माणूस समजते.' आई हसली. मी नाही हसले, कारण आधीच्या बऱ्याच घरांत तुम्ही आकडा तेवढा बदलून हेच वाक्य टाकलं होतं. पण आमच्याकडे तुम्ही चहा बशीत ओतला, अर्धा कप आईकडे सरकवला आणि म्हणालात, 'कप तुले, बशी मले.' हे मात्र दुसऱ्या कुठल्याच घरी केलं नाहीत. मी तेरा घरं पाहिली होती, म्हणून खात्रीने सांगते.

निवडून आलात. तुमची भाषणं फार वाईट असायची सर, आता सांगायला हरकत नाही. सभागृहात पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हा पुरवणी मागण्यांतल्या एका बेरजेतली चूक काढलीत आणि ती दुरुस्त होईपर्यंत खाली बसला नाहीत. पेपरात चार ओळी आल्या, त्या तुम्ही कापून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवल्यात. सेलूकडच्या मुलींसाठी कॉलेजच्या वेळेची बस सुरू केलीत. ती अजून चालू आहे, उशिरा येते, पण येते. राज्यमंत्री झालात तेव्हा जुने पक्षकार पेढे घेऊन आपल्या ऑफिसात आले, कारण बंगल्यावर त्यांना कोणी आत सोडेना. तुम्हाला साखर झाली ती त्याच वर्षांत. मी म्हटलं होतं, चहाला नाही म्हणता येणार नाही. हे भांडण मी जिंकले होते, आणि जिंकून काही उपयोग नव्हता.

जाताना तुम्ही ऑफिस माझ्या हवाली केलंत. कॉलेज काढलंत तेव्हा तुमच्या संस्थेचं ऑडिटही मलाच दिलंत. मी नको म्हणत होते. लोक म्हणतील घरचीच बाई आहे. तुम्ही म्हणालात, 'म्हणू दे. तुयी सही मी ओळखतो, तेवढं पुरे.'

मग ते वसतिगृह आलं. सेलूच्या रस्त्यावर मुलींसाठी दोन मजली इमारत. अनुदान पूर्ण खर्च झालं, दोन्ही मजले बांधून झाले, असे कागद तुमच्या भाच्याने, म्हणजे संस्थेच्या सचिवाने, माझ्यापुढे ठेवले. तुमच्याच शिकवणीप्रमाणे मी जागा पाहायला गेले. खालचा मजला होता. जिना चढले, तर जिना संपला आणि वर आभाळच होतं. सळया उभ्या होत्या आणि त्यांना दोरी बांधून मुलींनी ओढण्या वाळत घातल्या होत्या. मी तशीच गाडी काढून तुमच्याकडे आले.

तुम्ही ऐकून घेतलंत. दार लावलंत. तुम्हाला आधी माहीत होतं की नाही, हे मी विचारलं, त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. ते अजूनही मला माहीत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, 'एक वर्ष थांब वंदना. मी बांधून देतो.'

माझ्या तोंडून आमच्या घरचीच भाषा निघाली. 'सर, हे तुम्ही म्हणून राह्यले?'

'मी नाई म्हणत. मंत्री म्हणून राह्यला.'

'अन् सर काय म्हणतात?'

तुम्ही हात चेहऱ्यावरून फिरवलात. 'सर तं तुले सगळं आधीच शिकवून बसला.'

मी शेरा लिहिला. सहा ओळींचा. त्या सहा ओळी पेपरांत आल्या, सभागृहात वाचल्या गेल्या. शेरा कोणी वाचत नाही ही तुमची तक्रार मी अशी दूर केली. तुमचं मंत्रिपद गेलं, पुढच्या वेळी तिकीटही मिळालं नाही. लोक म्हणाले, घरच्याच बाईनं पाडलं. तुम्ही केळझरकडचं वावर विकलंत आणि वर्षाच्या आत वरचा मजला उभा केलात. मी पुन्हा जिना चढून पाहून आले आणि तसं लिहिलं. भाच्याला ऑडिटर बदलायचा होता. तुम्ही भर बैठकीत नाही म्हणालात. मला वाटलं, आता मला समोर बसवून रोज शिक्षा द्यायची आहे.

कारण तेव्हापासून तुमचा चहा बंद झाला होता. गाडी नाही, माणसं नाहीत, तुम्ही एकटे तो उभा जिना चढून महिन्यातून एकदा यायचे, पक्षकाराच्या खुर्चीत बसायचे. तुरीची, पावसाची, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायचे. चहा यायचा. तुम्ही म्हणायचे, 'नको, आता झाला.' मी अर्धा बशीत ओतून ठेवायचे, तरी नाही. त्यावर साय धरायची आणि मला केळझरच्या मॅनेजरचा चेहरा दिसायचा. तो काय विचारत होता हे मला आता कळत होतं.

आणि मग वास्तुशांतीचा, म्हणजे आमच्या नव्या घरच्या बुद्धवंदनेचा दिवस. बोरगावला सगळी वस्ती जमली होती. तुम्ही आलात, बुद्धापुढे आणि बाबासाहेबांपुढे हात जोडलेत, आईच्या पायाशी बसलात. आईने स्वतः उठून चहा आणला, कप आणि बशी, दोन्ही. तुम्ही म्हणालात, 'नको माय. आज नाई.' सगळ्यांसमोर. तुम्ही गेल्यावर तिने तो कप उचलला, धुतला आणि फडताळात सगळ्यात मागे ठेवला. म्हणाली, 'शेवटी...' आणि तिने फडताळ लावून घेतलं. माझ्या मनात ते वाक्य पूर्ण झालं होतं. सर, मी तुमच्याबद्दल तो विचार केला. शेवटी हेही त्यांच्यातलेच निघाले. इतक्या वर्षांची कपबशी मी त्या एका दिवसात विसरले. दोन वर्षांनी आई गेली, आणि तुम्हाला दिलेलं ते प्रमाणपत्र परत घेऊन गेली. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, आणि सगळ्यात जास्त राग तुमचा येतो.

मागच्या महिन्यात तुम्ही सेवाग्रामच्या दवाखान्यात होता. मी थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा घेऊन आले. ठरवून आले होते, आज विचारायचंच. तुम्ही इतके बारीक झाला होता की आधी दुसऱ्याच खाटेकडे गेले. मी थर्मास उघडला.

'घ्या ना सर. दोन घोट.'

तुम्ही थर्मासकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. 'ऑडिट कुठवर आलं?'

मला तो टोमणा वाटला. माणूस खाटेला लागला तरी याचं मन साफ होत नाही, असं वाटलं. मी म्हटलं, 'चालू आहे.'

'हां. मंग ठेव तिथंच. सही झाली का येजो.'

मी थर्मास बंद केला आणि निघून आले. सही झाल्याशिवाय येऊ नको, असा मी त्याचा अर्थ लावला. पुन्हा आले नाही. पाचव्या दिवशी फोन आला.

तेरवीची गर्दी ओसरल्यावर काल मी तुमच्या घरी गेले. बैठकीत तुमचा भाचा आणि संस्थेचे दोघं-तिघं बसले होते. वहिनी आतून आल्या आणि माझा हात धरून बसल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, 'वहिनी, सर माझ्यावर रागावूनच गेले ना?'

'कायचा राग?'

'सहा वर्षं माझ्याकडचा चहा घेतला नाही त्यांनी.'

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. 'अवं, म्हणजे तुले माहीत नाई?' मग म्हणाल्या, 'त्याईनं नेम केलता. संस्थेचं ऑडिट जोवर वंदनाकडे आहे, तोवर तिच्या घरचा घोट नाई. म्हणत, शेरा मारला अन् मंग संगं बसून चहा पेले, असं कोणी पाह्यलं का लोक म्हणतीन, मिटवून घेतलं. मिटवलं म्हटलं का तिची सही मातीत गेली. मायं पद गेलं तं गेलं, तिची सही नाई जाऊ देत. तुमच्या घरून, तुया मायच्या हातचा चहा सोडून आले, त्या दिवशी जेवले नाई.'

मी म्हटलं, 'मग मला सांगायचं तरी.'

'मी म्हटलं ना. दहा डाव म्हटलं, तिले सांगून तं द्या. तं म्हणे, सांगाचं कायले? तिले समजत नाई तं कोणाले समजते? पहिल्या दिवशी चहाले नाई म्हणूनच तं पास झालती ते.'

सर, मी तिथे सगळ्यांसमोर रडले. भाचा उठून बाहेर गेला.

तुमच्या सगळ्या भरवशाच्या मुळाशी माझं ते एक 'नको' होतं, आणि ते खरं नव्हतं. मी तुम्हाला एकदा, फक्त एकदा म्हटलं असतं की सर, मी तत्त्वाने नाही, कपाच्या भीतीने नाही म्हटलं होतं, तर तुम्हाला कळलं असतं की या बाईला न घेतलेल्या चहाचा पहिला अर्थ काय लागतो. मग तुम्ही सांगितलं असतंत. आईलाही सांगितलं असतंत. तुम्ही माझ्या नकाराचा अर्थ चुकीचा लावलात, मी तुमच्या नकाराचा लावला. दोघंही दुसऱ्यांच्या कागदांत एका आकड्याची चूक काढणारे, आणि आपल्यातली ही चूक कोणालाच सापडली नाही. तुमच्यावरचा माझा राग गेला असं मी म्हणत नाही. सांगायला हवं होतंत. पण सहा वर्षं माझी सही राखत बसलात, त्याचं मी काय करू, हे मला कळत नाही.

वहिनी उठल्या आणि स्वतः चहा करून घेऊन आल्या. एक कप, एक बशी. माझ्यापुढे ठेवलं. भाचा परत येऊन दारात उभा होता, संस्थेचे लोक बघत होते. दुःखाच्या घरातला चहा, तोही वहिनींच्या हातचा, आणि मला तो किती हवा होता ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. वाफ निघत होती. हात कपापर्यंत गेलाही होता.

'वहिनी,' मी म्हटलं, 'यंदाचं ऑडिट अजून बाकी आहे. म्हणून नाही घेत. दुसरं काही कारण नाही.'

कारण सांगितलं, सर. मोठ्याने, सगळ्यांसमोर. वहिनींनी डोळे पुसले, ट्रे उचलला आणि जाता जाता म्हणाल्या, 'बरं. सही झाली का येजो.'

थोडी कामं बाकी आहेत. वरच्या मजल्याचा जिना पुन्हा एकदा चढून पाहायचा आहे. मग सही करीन आणि त्याच दिवशी तुमच्या घरी जाईन. वहिनींना म्हणेन, एकच कप करा. अर्धा बशीत ओतून तुमच्या खुर्चीपुढे ठेवीन. कप मी घेईन. बशीतला निवेपर्यंत बसेन.